नामचीला एक रात्र द्या: सिक्कीमच्या सहली काढणाऱ्यांना खुलं पत्र

सिक्कीम-दार्जिलिंगच्या सहली नेणाऱ्या सर्व मराठी सहल-आयोजकांना आणि त्यांच्या टूर मॅनेजरांना,

सप्रेम नमस्कार.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. तुमच्या सिक्कीमच्या कार्यक्रमात दक्षिण सिक्कीममधल्या नामचीचा एक मुक्काम घाला, आणि सोलोफोकच्या टेकडीवरचं सिद्धेश्वर धाम लोकांना सकाळी दाखवा. पुढे जे लिहिते आहे ते या मागणीसाठीच.

सिद्धेश्वर धाम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त परिचयाचं असेल. तुमच्या छापील पत्रकांत ते ‘नामची चारधाम’ या नावाने येतं आणि शेजारी पांढऱ्याशुभ्र बैठ्या शंकराचा फोटो असतो. बहुतेक कार्यक्रमांत ते पेलिंगहून गंगटोकला जातानाच्या वाटेवर बसवलेलं असतं. सकाळी पेलिंग सोडायचं, दुपारी नामचीला पोहोचायचं, जेवायचं, तासाभरात धाम आटपायचं आणि अंधार पडायच्या आत गंगटोक गाठायचं. कागदावर हे नीट बसतं. एका दिवसात एक प्रवास आणि एक मोठं ठिकाण, दोन्ही झाल्यासारखं वाटतं.

मी मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी तिथे होते. महाराष्ट्रातून आलेला एक मोठा ग्रुप पोहोचला. टूर मॅनेजर तरुण होता, मनापासून धावपळ करत होता, आजीआजोबांना हात देत होता. त्याच्यात काही कमी नव्हतं. कमी होती ती त्याला दिलेल्या वेळेत. “पावणेचारला सगळे गाडीशी,” असं सांगून त्याने ग्रुप सोडला. एक आजोबा कठड्याशी उभे राहून समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, “कांचनजंगा कुठल्या बाजूला?” मुलाने ढगाकडे बोट दाखवलं. आजोबांनी त्या ढगालाच हात जोडले. नंतर बोलणं झालं तेव्हा कळलं, ते विदर्भातल्या एका गावातून आले होते आणि निवृत्तीनंतरची ही त्यांची पहिली लांबची सहल होती. घरी गेल्यावर ते सगळ्यांना सांगणार की नामची पाहिलं. त्यांनी ते पाहिलंच नाही, आणि यात त्यांचा दोष नव्हता.

मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हणून हवेचं थोडं सविस्तर सांगते. सोलोफोकहून कांचनजंगा सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे, उत्तरेला आणि किंचित पश्चिमेकडे. मध्ये रंगीत नदीचं खोल खोरं आणि तिला मिळणारे असंख्य ओढे. नामचीच्या पायथ्याशी रंगीतच्या काठी जोरथांग आहे, ते समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वातीनशे मीटरवर. तिथून नजर उचलायची ती थेट ८५८६ मीटरपर्यंत. पाच कळसूबाई एकावर एक रचल्या तरी वर थोडं शिखर शिल्लक राहील. एवढ्या कमी अंतरात एवढी उंची जमिनीवर फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि या उंचीमुळेच दुपारी ढग येतात. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, खोऱ्यातली दमट हवा वर सरकू लागते, गार होते आणि ढग बनून शिखरांच्या आड उभी राहते. पहाटे लख्ख असलेला डोंगर दहा-अकरापर्यंत झाकला जाणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. मे महिन्यात तर बंगालच्या उपसागरावरून आलेली आर्द्रता आणि सपाटीवरची धूळ यात आणखी भर घालतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून मात्र पाऊस मागे हटलेला असतो, धुऊन निघालेली हवा कोरडी असते, आणि डिसेंबरपर्यंतच्या सकाळी बहुतेक मोकळ्या मिळतात. हमी कुणीच देऊ शकत नाही. पण दुपारी दोन आणि सकाळी सहा यांत फरक इतका मोठा आहे की दुपारची वेळ ठरवणं म्हणजे कांचनजंगा न दाखवण्याचं ठरवणं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. तुमचं ‘सहा-सात-आठ’ सगळ्या मराठी प्रवाशांना पाठ आहे: सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला गाडी सुटणार. आपल्याकडे ते योग्य आहे. पण नामची मुंबईच्या कितीतरी पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र देशभर एकच. तिथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो. मे महिन्यात पावणेपाचच्या सुमारास उजाडलेलं असतं. म्हणजे सहाला वेकअप कॉल येतो तेव्हा शिखरावरचा पहिला गुलाबी प्रकाश कधीच संपलेला असतो, आणि आठला गाडी हलते तेव्हा खोऱ्यातली हवा वर चढायला लागलेली असते. हेच घड्याळ संध्याकाळीही आड येतं. नोव्हेंबरमध्ये पाच वाजता अंधारून येतं, त्यामुळे दुपारी उशिरा पोहोचलेल्या ग्रुपला धाम धावत पाहावं लागतं.

हे तुम्हाला नवं नाही. दार्जिलिंगला टायगर हिलसाठी तुम्ही लोकांना पहाटे साडेतीनला उठवता आणि लोक कुरकुर न करता उठतात. नथुला खिंडीचे परवाने, तिथली सोमवार-मंगळवारची सुट्टी, छांगू तलावाच्या गाड्या, हे सगळं तुम्ही दरवर्षी बिनचूक सांभाळता. त्याच कौशल्यातला थोडा वाटा सोलोफोकला मिळावा, एवढंच म्हणणं आहे. टायगर हिलवर खांद्याला खांदा लावून सूर्योदय पाहावा लागतो. सोलोफोकवर सकाळी उसंत असते. माणूस एका जागी बसून डोंगराकडे पाहू शकतो, जप करू शकतो, नुसता गप्प राहू शकतो.

आणि जागाही तशी आहे. ८ नोव्हेंबर २०११ रोजी या धामाची प्रतिष्ठापना झाली. उत्तर सिक्कीमला हादरवणारा भूकंप होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. शंकराची मूर्ती ८७ फुटांची, आणि चौथऱ्यासकट उंची १०८ फूट. मूर्तीभोवती बारा ज्योतिर्लिंगांची देवळं आहेत आणि बद्रिनाथ, जगन्नाथ, द्वारका, रामेश्वर या चार धामांच्या प्रतिकृती. सगळं सिक्कीम सरकारने उभं केलेलं, नव्या बांधणीचं. हे नवंपण लपवायची गरज नाही. ‘एकाच ठिकाणी चारधाम आणि बारा ज्योतिर्लिंगांचं पुण्य’ असं काही पत्रकांत छापलेलं असतं, ते मला खटकतं. रामेश्वरला जाऊन समुद्रात उभं राहणं आणि सोलोफोकवर रामेश्वराच्या प्रतिकृतीपुढे हात जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाविकाला ते कळतं. सोलोफोकचं मोठेपण त्या बेरजेत नाही. दक्षिणेच्या समुद्रापासून हिमालयापर्यंतच्या देवांना एका टेकडीवर बोलावून त्यांच्यासमोर कांचनजंगा ठेवायची, ही कल्पनाच सुंदर आहे. तिला डोंगर दिसायला हवा. ढगात ती अर्धीच राहते.

मराठी माणसाचा इथे आणखी एक धागा आहे. बारा देवळांतून फिरताना त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर ही नावं समोर आली की पाय आपोआप थांबतात. सह्याद्रीतला देव एवढ्या लांब, बर्फाच्या डोंगरासमोर भेटतो. बायका हळूच ओंजळ करतात, कुणी ‘कर्पूरगौरं’ म्हणायला लागतं, बाकीचे साथ देतात. परळी आणि औंढा धरून आपण महाराष्ट्रात पाच ज्योतिर्लिंगं मोजतो. झारखंडमधल्या देवघरचं वैद्यनाथ आणि द्वारकेजवळचं नागेश्वर मानणाऱ्यांचा हिशोब वेगळा होतो. यावर ग्रुपमध्ये बोलणं निघतं, आणि निघू द्यावं. लोकांना यात्रेचा आनंद अशाच गप्पांतून मिळतो. पण तासाभरात बारा देवळं, चार धाम, मूर्ती, ग्रुप फोटो आणि स्वच्छतागृह, यात असा आनंद मावणार कुठे?

आता सांगायच्या गोष्टींबद्दल. माझ्या मते मुक्कामाइतकंच महत्त्व याला आहे. तिथे उतरल्यावर बहुतेक वेळा मूर्तीची उंची आणि गाडीची वेळ सांगितली जाते. या डोंगराला मात्र गोष्टींची फार श्रीमंती आहे.

पहिली गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली. वनवासात असताना अर्जुन हिमालयात तप करायला गेला. रानडुकराच्या रूपात दानव अंगावर आला, अर्जुनाने बाण मारला, त्याच क्षणी एका किराताचाही बाण लागला. शिकार कुणाची यावरून दोघांची झुंज झाली आणि शेवटी तो किरात म्हणजे साक्षात शंकर निघाला. अर्जुनाला पाशुपतास्त्र मिळालं. कीर्तनात ही कथा आपण ऐकली आहे. हे सगळं इथेच, या टेकड्यांमध्ये घडलं अशी तिथली श्रद्धा आहे. रंगीतच्या काठी लेगशिपला किरातेश्वर महादेवाचं देऊळ आहे आणि पेलिंगहून नामचीला येताना ते वाटेवरच लागतं. धामाची कल्पनाही याच श्रद्धेवर उभी आहे. पूर्व हिमालयातल्या लिंबू, राई अशा समाजांना किरात म्हणतात, हे कळलं की कथेतला किरात पाठ्यपुस्तकातून उठून समोरच्या गावात येतो. गाडी चालवणारा, चहा देणारा, पूजा करणारा माणूस त्याच डोंगराचा असतो. लेगशिपला अर्धा तास थांबून ही गोष्ट नदीच्या आवाजात सांगितली, तर दुसऱ्या दिवशी सोलोफोकवरच्या मूर्तीकडे लोक वेगळ्या डोळ्यांनी पाहतील.

दुसरी गोष्ट लेपचांची, म्हणजे सिक्कीमच्या मूळ रहिवाशांची. नामचीच्या उत्तरेला तेंदोंगचा डोंगर आहे, दाट जंगलाचा, सुमारे साडेआठ हजार फुटांचा. फार पूर्वी रंगीत आणि तीस्तेला महापूर आला, सगळं बुडालं, तेव्हा हा डोंगर उंच उंच वाढला आणि लेपचा लोकांनी त्याच्या माथ्यावर जीव वाचवला. दरवर्षी ऑगस्टमध्ये लेपचा लोक तेंदोंगची पूजा करतात. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे ल्होनाक सरोवर फुटलं, तीस्तेला खरोखरच महापूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि नदीकाठचे संसार गाळात गेले. त्यानंतर ही जुनी कथा ऐकताना अंगावर काटा येतो. डोंगरात राहणाऱ्यांनी पाण्याची आठवण पूजेत का जपून ठेवली, ते समजतं. ग्रुपला हे सांगा. देवदर्शनाला आलेली आपली माणसं अशा गोष्टींना कंटाळत नाहीत. उलट बसमध्ये शांतता होते आणि मग प्रश्न सुरू होतात.

तिसरी गोष्ट खुद्द कांचनजंगेची. सिक्कीमसाठी ती देवता आहे, राज्याची रक्षक. पांग ल्हाबसोल या सणाला तिची पूजा होते आणि त्याच दिवशी लेपचा आणि तिबेटमधून आलेले भुतिया यांच्यातल्या बंधुत्वाच्या शपथेची आठवण केली जाते. २५ मे १९५५ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा तिच्या माथ्याशी पोहोचले, पण शब्द दिला होता म्हणून शेवटची काही पावलं चढले नाहीत. देवतेचा माथा त्यांनी तुडवला नाही. पुढे सिक्कीमच्या बाजूने तिच्यावर चढाई करायलाच बंदी आली. २०१६ मध्ये कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेही निसर्ग आणि संस्कृती या दोन्हींसाठी. असा मिश्र वारसा म्हणून मान मिळालेलं भारतातलं ते पहिलं ठिकाण. समोर दिसणाऱ्या डोंगरालाच देव मानणारे लोक आणि त्याच्यासमोर शंकराची मूर्ती घडवणारे लोक एकाच गावात राहतात. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्यांना आणि गड-डोंगरांवरच्या देव्यांना बोकड-नारळ वाहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त कुणीतरी तोंड उघडून सांगायला हवं.

सोलोफोकच्या समोरच्या टेकडीवर, सामद्रुप्त्सेला, गुरू पद्मसंभवांची भव्य मूर्ती आहे. दलाई लामांच्या हस्ते १९९७ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि २००४ मध्ये ती पूर्ण झाली. सिक्कीमची भूमी आठव्या शतकात त्यांनीच, म्हणजे गुरू रिनपोचेंनी, पावन केली अशी बौद्धांची श्रद्धा. कार्यक्रमात सामद्रुप्त्से एक तर गळतं, नाही तर ‘आणखी एक मोठी मूर्ती’ म्हणून उरकलं जातं. मला ते फार लागतं. दोन टेकड्या, दोन मूर्ती, मध्ये एक गाव, आणि दोन्हींच्या मागे तोच बर्फाचा डोंगर. हे दोन्ही एकाच सकाळी पाहता आलं तर सिक्कीम समजायला दुसरं काही लागत नाही. तिथे ओमकार म्हणत टाळ्या वाजवू नयेत, प्रदक्षिणा डावीकडून उजवीकडे घालावी, प्रार्थनेच्या पताकांना हात लावून फोटो काढू नयेत, एवढं ग्रुपला आधी सांगितलं की पुरतं. आपली माणसं समजूतदार असतात. त्यांना सांगितलेलं नसतं, एवढंच.

तुमच्या अडचणी मला दिसतात. एक मुक्काम वाढवला की दर वाढतो आणि दर वाढला की चौकशी शेजारच्या कंपनीकडे जाते. म्हणून वाढवा म्हणत नाही, बदला म्हणते. गंगटोकला तुमचे तीन-चार मुक्काम असतात आणि त्यातली एक संध्याकाळ तरी एम. जी. मार्गावरच्या खरेदीसाठी राखलेली असते. तिथला एक मुक्काम नामचीला हलवा. पेलिंगहून सकाळी निघा, लेगशिपला किरातेश्वराचं दर्शन घ्या, जोरथांगमार्गे वर चढून दुपारपर्यंत नामचीला पोहोचा आणि लोकांना विश्रांती द्या. संध्याकाळी बाजारपेठेतून निवांत फेरी, लवकर जेवण, लवकर झोप. पहाटे हॉटेलच्या गच्चीवरून किंवा धामाच्या आवारातल्या यात्री निवासातून डोंगर पाहा. धामाचे दरवाजे उघडतात त्या वेळी पहिलं दर्शन तुमच्या ग्रुपचं होऊ द्या. तिथून निघाल्यावर सामद्रुप्त्से दामथांगच्या रस्त्यावरच आहे, पुढे तेमीचा चहाचा मळा, मग सिंगताम आणि संध्याकाळी गंगटोक. या मार्गाने एकही डोंगर दोनदा चढावा लागत नाही. हातपाय दुखणाऱ्यांसाठी तर हे फार बरं, कारण पेलिंग ते गंगटोक हा एका दिवसाचा वळणावळणांचा प्रवास दोन तुकड्यांत होतो. त्या रस्त्यावर किती जणांना उलट्या होतात हे तुम्हीच जाणता.

२०२३ च्या पुरानंतर उत्तर सिक्कीमचे रस्ते वरचेवर बंद पडतात आणि लाचेन-लाचुंगच्या तारखा ऐनवेळी बदलाव्या लागतात, याचा त्रासही तुम्हीच सोसता. अशा वेळी लोकांना गंगटोकच्या हॉटेलात बसवून ठेवण्यापेक्षा दक्षिण सिक्कीममध्ये दोन शांत दिवस देता येतात, हा पर्याय हाताशी ठेवा. नामचीसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही.

हंगामाबद्दलही एक विनंती. मे महिना शाळांच्या सुट्टीमुळे तुमच्या हातात नाही, हे मान्य. पण दिवाळीची सुट्टी आहे. दिवाळीनंतरच्या दिवसांत सिक्कीमची हवा सगळ्यात स्वच्छ असते. नोव्हेंबरमध्ये तेमीच्या मळ्यात चेरीची झाडं फुलतात, हिरव्या चहावर गुलाबी बहर येतो. दिवाळी अंकांतून पर्यटनाच्या जाहिराती तुम्ही देताच. त्यात दक्षिण सिक्कीमला एक चौकट द्या. ज्येष्ठ नागरिकांचे ग्रुप तर शाळेच्या सुट्टीला बांधलेले नसतातच. त्यांना मे महिन्यात ढग दाखवायला का न्यायचं?

मे महिन्यातच जाणं भाग असेल तरीही पहाट सोडू नका. मे महिन्यातल्या सकाळीही ढग फाटतात. काब्रू, पांडिम, नरसिंग ही शिखरं एकेक करून बाहेर येतात आणि मग मधलं मोठं शिखर दिसतं. त्यासाठी तिथे असावं लागतं.

काही छोट्या सूचना, ज्यांना खर्च नाही. देवळांत शिरताना चप्पल-बूट काढावे लागतात आणि सकाळची फरशी पायाला झोंबते. प्रत्येकाला जाड पायमोज्यांचा एक जादा जोड आणायला आधीच सांगा. सिक्कीमने १ जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली आहे. बागडोगऱ्याच्या विमानतळाहून गाडीत पाण्याची खोकी भरून नेण्याची सवय आता मोडा, प्रत्येकाने स्वतःची बाटली आणावी आणि हॉटेलात ती भरून द्यावी. पर्यटकांच्या गाडीत कचऱ्याची मोठी पिशवी ठेवणं तिथे सक्तीचं आहे. ती फक्त दाखवण्यापुरती राहू नये. आपल्याबरोबर आलेल्या लाडू-चिवड्याची पाकिटं सोलोफोकच्या उतारावर उडताना मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी समोर तोच डोंगर होता ज्याला आपण हात जोडत होतो.

स्थानिक वाटाड्या घ्या. नामचीत तो मिळतो, आणि सिक्कीमची बरीचशी माणसं बोलतात ती नेपाळी आपल्याच देवनागरीत लिहिली जाते. दुकानांच्या पाट्या आपले लोक सहज वाचतात आणि खूश होतात. १९९२ मध्ये एकाच घटनादुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तिन्ही भाषा आठव्या अनुसूचीत आल्या; गोव्याचे प्रवासी बरोबर असतील तर त्यांना हे सांगा, पुढचं संभाषण आपोआप होईल. तासाभरात येऊन गेलेल्या ग्रुपचा नामचीला फारसा उपयोग होत नाही. तिकिटाचे पैसे आणि कचरा एवढंच मागे राहतं. मुक्काम केला तर हॉटेलवाला, भाजीवाला, गाडीवाला, चहाचं पाकीट विकणारी बाई, सगळ्यांच्या हातात चार पैसे पडतात. ज्या गावाने एवढी मोठी मूर्ती घडवून देशभरातल्या भाविकांना बोलावलं, त्याचा एवढा हक्क आहेच.

टूर मॅनेजरांना वेगळं लिहिते, कारण ढगाकडे बोट दाखवायची वेळ त्यांच्यावर येते. कार्यक्रम तुम्ही ठरवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सहल संपल्यावर कार्यालयात तुमचा अहवाल जातो. त्यात लिहा की नामचीला किती लोकांनी डोंगर न बघता परत जावं लागल्याबद्दल विचारलं. दोन-तीन मोसमांचे असे अहवाल एकत्र पाहिले तर आयोजकांना माझं पत्र वाचायचीही गरज राहणार नाही.

आणि आयोजकांना: येत्या दिवाळीच्या सहलींची पत्रकं तुम्ही पावसाळ्यातच छापता. त्याआधी एकाच सहलीत, एकाच ग्रुपसाठी हा बदल करून पाहा. पेलिंगनंतर नामचीचा मुक्काम, सकाळी सोलोफोक, मग सामद्रुप्त्से. परत आल्यावर त्या ग्रुपला विचारा, सहलीतलं काय सर्वांत जास्त आवडलं. त्यांचं उत्तर तुमच्या पुढच्या पत्रकात जसंच्या तसं छापा, मग ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध असलं तरी चालेल. नामचीतली हॉटेलं, रस्ते, वेळा यांबद्दल काही विचारायचं असेल तर मी आनंदाने मदत करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सिक्कीमला पुन्हा पुन्हा जाणारी एक निवृत्त शिक्षिका